‘डॉक्टरांनी तपासूनच देतो’: घरपोच सलाइनवाल्यांनी मला कसं गंडवलं

घरी येऊन सलाइन लावून देणाऱ्या एका कंपनीने माझ्याकडून डॉक्टरी तपासणीचे पैसे घेतले आणि तपासणी केलीच नाही. फसवणूक म्हणतेय ती ही. बाटलीत काय होतं हा नंतरचा मुद्दा, तोही सांगते.

ताप येऊन गेला होता आणि अंगात त्राण नव्हतं. त्यांच्या जाहिरातीत लिहिलं होतं: हायड्रेशन, व्हिटॅमिन सी, बी कॉम्प्लेक्स, मॅग्नेशियम, ग्लुटाथिओन (त्वचा उजळण्याच्या नावाखाली विकतात ते अँटिऑक्सिडंट), नोंदणीकृत डॉक्टरांची पूर्वतपासणी, प्रशिक्षित नर्स. मला ब्लडप्रेशर आहे, रोजची गोळी चालू आहे. हे मी फोनवर स्वतःहून सांगितलं. पलीकडच्या मुलीचं उत्तर तयारच होतं, “काळजीच करू नका मॅडम, आमचे डॉक्टर सगळं बघून मगच मंजुरी देतात.”

आलेला मुलगा बोलायला गोड होता. त्याने पिशवीतून सलाइनची बाटली काढली ती आधीच पिवळी झालेली. म्हणजे औषधं कुठेतरी मिसळून आणलेली. कुठे, कधी, कुणी, याचा बाटलीवर पत्ता नव्हता. माझं नाव नव्हतं, मिसळल्याची वेळ नव्हती, कुठलं औषध किती मिलिग्रॅम तेही नव्हतं. होता तो फक्त कंपनीचा चकचकीत स्टिकर, पॅकेजच्या नावाचा. बीपीचं मशीन त्याच्या बॅगेत मला दिसत होतं, ते बॅगेतच राहिलं. त्याने हातमोजे घातले, त्याच हातांनी मोबाइलवर मेसेज बघितला आणि मग शीर शोधायला घेतली. डॉक्टर कधी बोलणार म्हणून विचारलं तर म्हणाला, “अप्रूव्हल आलंय ना.”

सुई लागली, बाटली लटकली, आणि थोड्या वेळात चेहरा, मान, छाती असं सगळं गरम व्हायला लागलं. मग डोकं हलकं झालं, डोळ्यांपुढे अंधारी. तो म्हणाला, “डिटॉक्स सुरू झालं की असं होतं.” मी वहिनीला फोन लावला. ती आयसीयूत नर्स आहे. तिने काय चढवताहेत वगैरे काही विचारलं नाही. “आधी नळीवरचं चाक बंद करायला सांग. बंद झालं का? थेंब थांबले का ते बघ आणि मग बोल.”

सलाइनच्या नळीवर एक छोटं दातेरी चाक असतं. ते वर-खाली सरकवून थेंबांचा वेग ठरवतात. माझ्या नळीवर ते पूर्ण उघडं होतं. या नळीच्या सेटच्या पाकिटावर एका मिलिलिटरचे किती थेंब ते छापलेलं असतं, बहुतेक मोठ्या माणसांच्या सेटला १०, १५ किंवा २०. वीसच्या सेटने ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचं तर मिनिटाला साधारण ४२ थेंब पडायला हवेत. माझ्या बाटलीत थेंब नव्हतेच, धार लागली होती. त्या मुलाला पुढच्या घरी जायचं होतं, दुसरं काही कारण नाही. कुणाला किती वेगाने द्यायचं हे डॉक्टरने लिहून द्यायचं असतं. इथे ते पुढच्या अपॉइंटमेंटने ठरवलं.

गरम का झालं ते वहिनीने नंतर समजावलं. मॅग्नेशियम शिरेतून भरभर गेलं की रक्तवाहिन्या सैलावतात, अंग तापल्यासारखं वाटतं आणि ब्लडप्रेशर पडतं. बीपीची गोळी चालू असलेल्या माणसात ते आणखी पडू शकतं. शरीर मॅग्नेशियम बाहेर टाकतं ते किडनीवाटे. किडनी कमजोर असेल तर ते साठत जातं, आणि फार साठलं तर स्नायू ढिले पडून श्वासापर्यंत मजल जाते. म्हणून किडनीबद्दल विचारल्याशिवाय मॅग्नेशियम देत नाहीत. मला कुणी विचारलं नव्हतं.

खरी गंमत मात्र संध्याकाळी ईमेलवर आली. ‘वैद्यकीय पूर्वतपासणी अहवाल’ नावाची पीडीएफ. ब्लडप्रेशर १२०/८०, नाडी ७२, तापमान ९८.६. शाळेच्या पुस्तकातले आकडे! माझं बीपी गोळी घेऊनही १२०/८० दिसत नाही. ‘सध्या चालू असलेली औषधे’ याच्यापुढे ‘नाही’. हृदयविकार, किडनी, ॲलर्जी, गर्भधारणा, सगळीकडे एकसारखं ‘नाही’. खाली डॉक्टरांची सही, म्हणजे सहीचं चित्र, आणि मंजुरीची वेळ. ती वेळ मला सुई लागल्यानंतरची होती. हा कागद तपासणीचा नव्हता, उद्या काही झालं तर कंपनीने दाखवायचा होता.

रिकामी न झालेली बाटली मी ठेवून घेतली होती. वहिनीने येऊन कंपनीचा स्टिकर नखाने सोलला. खाली मूळ उत्पादकाचं लेबल निघालं: सोडियम क्लोराइड ०.९ टक्के, ५०० मिलिलिटर, बॅच नंबर, एक्सपायरी. म्हणजे कुठल्याही वॉर्डात लावतात ते साधं नॉर्मल सलाइन, आणि बॅच व तारीख झाकली जाईल अशा बेताने वर स्टिकर. सुदैवाने तारीख उलटलेली नव्हती. पण मग झाकायची का? वहिनीचं म्हणणं, तिच्या वॉर्डात औषध घातलेल्या बाटलीवर मूळ लेबल उघडं ठेवून बाजूला दुसरं चिकटवतात, त्यावर औषध, मात्रा, वेळ आणि मिसळणाऱ्याची सही असते. तेवढं नसेल तर ती बाटली लावायची नाही, फेकायची.

आता नॉर्मल सलाइनचंच बघा. ०.९ टक्के म्हणजे लिटरमागे ९ ग्रॅम मीठ. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. ब्लडप्रेशर आहे असं स्वतःहून सांगणाऱ्या बाईला हे लोक जवळपास दिवसभराचं मीठ थेट शिरेत देत होते आणि त्याला ‘वेलनेस’ म्हणत होते. हृदय कमकुवत असलेल्या माणसाला एवढं पाणी आणि मीठ भरभर गेलं तर फुप्फुसात पाणी होऊ शकतं.

व्हिटॅमिन सी तर सगळ्यांना निरुपद्रवी वाटतं. तोंडावाटे घेतलं तर आतडं एका मर्यादेपलीकडे ते शोषतच नाही, ही शरीराची आपली राखण आहे. शिरेतून ग्रॅमच्या हिशेबात दिलं की ती राखण बाजूला पडते. त्याचं शरीरात ऑक्झलेट, म्हणजे बऱ्याच मुतखड्यांत सापडणारा क्षार, होतं आणि ते किडनीत बसून नुकसान करू शकतं. मुतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. काही ग्लुकोमीटर अशा वेळी साखर खोटी जास्त दाखवतात. मधुमेही माणसाने त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर काय होईल ते सांगायला नको. आणि जी-सिक्स-पीडी. हे एक एन्झाइम आहे, काही जणांत ते जन्मतः कमी असतं, आणि बहुतेकांना ते आयुष्यभर कळत नाही. अशा माणसाला व्हिटॅमिन सीचा मोठा डोस शिरेतून दिला तर तांबड्या पेशी फुटू शकतात. म्हणून मोठ्या डोसाआधी ही रक्ततपासणी करायची पद्धत आहे. मी कंपनीला फोनवर विचारलं, तुम्ही जी-सिक्स-पीडी बघता का? “ते कुठलं पॅकेज आहे मॅडम?”

मला प्रत्यक्षात किती व्हिटॅमिन सी दिलं, हे त्यांनी आजतागायत लिहून दिलेलं नाही. ग्लुटाथिओन होतं की नव्हतं, तेही नाही. आधी उत्तर आलं की प्रमाण हे ‘आमचं खास मिश्रण’ आहे, उघड करता येत नाही. माझ्या शिरेत गेलेलं औषध माझ्यापासूनच गुपित! बिल काढून पाहिलं तर त्यावर ‘औषध’ हा शब्द नाही, ‘इंजेक्शन’ नाही, नुसतं ‘वेलनेस सेवा’. पैसे परत मागितल्यावर तेच बिल पुढे केलं गेलं: सेवा दिली आहे, संमती तुम्ही दिली आहे, ॲपवर खूण आहे. ती खूण आधीपासून केलेलीच येते. शेवटी पुढची ड्रिप फुकट द्यायची तयारी त्यांनी दाखवली.

दुसऱ्या दिवशी लघवी गर्द पिवळी झाली तेव्हा त्यांच्याकडून मेसेज आला होता की शरीरातले टॉक्सिन बाहेर पडताहेत. तो पिवळा रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-टू जीवनसत्त्वाचा. गरजेपेक्षा जास्त होतं म्हणून शरीराने ते टाकून दिलं.

हे एका कंपनीपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, २०१९ मध्ये ग्लुटाथिओनच्या इंजेक्शनांबद्दल इशारा दिला होता. त्यासाठी वापरलेल्या कच्च्या मालात एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंचे विषारी अंश, जास्त सापडले होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच संस्थेने काही दवाखाने आणि आयव्ही हायड्रेशनची, म्हणजे शिरेतून सलाइन देणारी, केंद्रं अस्वच्छ जागेत औषधं मिसळतात यावर बोट ठेवलं. त्यात घरी व्हिटॅमिनचं सलाइन घेतलेल्या एका बाईचा उल्लेख आहे, जिला सेप्टिक शॉकच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने ब्लडप्रेशर धोकादायक पडण्याच्या, संशयाने आणि अनेक अवयव निकामी होत असल्याने रुग्णालयात दाखल करावं लागलं. माझी पिवळी बाटली कुठल्या टेबलावर तयार झाली असेल, हा विचार ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

कुणाला घ्यायचंच असेल तर त्याने डॉक्टरशी स्वतः बोलल्याशिवाय हात पुढे करू नये. त्या डॉक्टरने हृदय, किडनी, बीपी, मधुमेह, गर्भधारणा, ॲलर्जी आणि चालू गोळ्या एकेक करून विचारायला हव्यात. पाणी कमी करणाऱ्या गोळ्या, पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या, डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध, यांची नावं निघायला हवीत. मळमळीसाठी ऑन्डान्सेट्रॉन मिसळणार असतील तर हृदयाच्या ठोक्यांची तक्रार आहे का, दुखण्यासाठी केटोरोलॅक असेल तर अल्सर किंवा किडनीचा त्रास आहे का, हेही विचारायला हवं. ही दोन्ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीची आहेत, पॅकेजमध्ये ‘ॲड-ऑन’ म्हणून खपवायची नव्हेत. बीपीचा पट्टा दंडाला लागायला हवा. आणि आलेल्या माणसाला विचारा, रिॲक्शन आली तर तुमच्याकडे ॲड्रिनॅलिन, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीवर लगेच द्यायचं इंजेक्शन, आहे का? माझ्याकडे आलेल्याच्या बॅगेत पॅरासिटामॉल होतं.

तोंडाने पाणी पोटात राहत असेल तर बहुतेकांना सुईची गरजच नसते. २००२ पासून वापरात असलेल्या ओआरएसच्या सूत्रात लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन आत जातं आणि पाणी त्यांच्या मागोमाग. उलट्या थांबत नसतील, लघवी होईनाशी झाली असेल, माणूस गुंगीत जात असेल, तर सलाइन लागतंच, पण ते रुग्णालयात.

मी औषध प्रशासनाकडे आणि वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली आहे. स्टिकर सोललेल्या बाटलीचे फोटो, पीडीएफ, बिल, मेसेज सगळं जोडलं. ज्यांच्याकडे असं काही झालं असेल त्यांनी बाटली टाकू नये, झाकण लावून फ्रिजमध्ये वेगळी ठेवावी. सुईच्या जागी लाली, दोरीसारखी कडक झालेली शीर, थंडी वाजून ताप, यातलं काही दिसलं तर लगेच दवाखान्यात जावं आणि सलाइन घेतल्याचं तिथे सांगावं. नुकतंच ‘केस आणि त्वचा’ छापाचं पॅकेज घेतलं असेल तर त्यात बायोटिन, म्हणजे बी गटातलं एक जीवनसत्त्व, असण्याची शक्यता असते. त्यामुळे थायरॉइडचे आणि हार्ट अटॅक ओळखण्याच्या ट्रोपोनिनचे काही रिपोर्ट चुकू शकतात. रक्त देण्याआधी लॅबला आणि डॉक्टरला ते सांगून ठेवा.