ओव्हरड्राइव्ह पेडल घेण्याआधी अँप पाहा

ओव्हरड्राइव्ह, म्हणजे गिटारचा आवाज फाटल्यासारखा करणारं पायाखालचं पेडल, घ्यायचं ठरलं की आपण पेडलंच एकमेकांशेजारी ठेवून पाहतो. ट्यूब स्क्रीमर बरं की ब्लूज ड्रायव्हर, की क्लॉनच्या धर्तीवरचं एखादं? मी कुणालाही आधी वेगळाच प्रश्न विचारतो: तुम्ही ज्या व्हॉल्यूमला वाजवता, त्या व्हॉल्यूमला तुमचा अँप (अँप्लिफायर) क्लीन, म्हणजे स्वच्छ, असतो की फुटायला, म्हणजे फाटल्यासारखा वाजायला, लागलेला असतो?

अँप पूर्ण क्लीन असेल तर फाटलेला आवाज सगळा पेडलमध्येच तयार होतो, अँप तो फक्त मोठा करतो. अँप फुटण्याच्या बेतात असेल तर पेडलमधून वाढून आलेला सिग्नल आतल्या व्हॉल्व्हना (सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांना) झेपत नाही आणि ड्राइव्हचा मोठा वाटा अँपच उचलतो. मग पेडलवरच्या, किती फाटावं हे ठरवणाऱ्या ड्राइव्ह नॉबपेक्षा आवाज मोठा करणाऱ्या लेव्हल नॉबला किंमत येते. पेडल कोणते सूर पुढे ढकलतं आणि कोणते मागे ठेवतं, यावर बाकीचं सगळं ठरतं.

तीन पेडलं, तीन स्वभाव

ट्यूब स्क्रीमरच्या क्लिपिंगच्या (सिग्नलची टोकं कापून आवाज फाडण्याच्या) टप्प्यात साधारण ७२० हर्ट्झच्या खाली गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, उतरत जातो. त्यामुळे खर्ज फारसा फाटत नाही, मिड (मधले सूर) मात्र भरपूर फाटतात, आणि पुढचं टोनचं सर्किट वरची धारही थोडी कमी करतं. याच घराण्यातलं बॉसचं एसडी-१ (१९८१) सिग्नलच्या दोन बाजू असमान कापतं, म्हणून त्याचा पोत मला जरा जास्त खडबडीत वाटतो.

बॉसचंच बीडी-२ ब्लूज ड्रायव्हर (१९९५) याच्या उलट वळणाचं आहे. खर्ज राखतं, ट्रेबल (वरचे सूर) मोकळा सोडतं, आणि पिक (तार छेडायची पट्टी) हलका की जोरात लागला हे लगेच ऐकवतं. क्लॉन सेंटॉर (१९९४) जर्मेनियम डायोड वापरतं. गेन कमी असताना त्यात मूळ क्लीन सिग्नल बराच मिसळलेला असतो, आणि आतलं व्होल्टेज ९ व्होल्टच्या वर नेलेलं असल्यामुळे अँपला जोरदार धक्का देण्याची ताकद त्यात आहे. मूळ क्लॉन आज संग्राहकांची वस्तू झाली असली तरी त्या सर्किटवर बेतलेली पेडलं भरपूर मिळतात.

फेंडर: पोकळ मिड, भरपूर हेडरूम (न फुटता मोठं वाजायची मुभा)

जुन्या फेंडर अँपचं टोनचं सर्किट मिड बऱ्यापैकी पोकरतं. एकट्यानं वाजवताना तो आवाज देखणा लागतो. बास आणि ड्रम सुरू झाले की मात्र सोलो हरवतो. ट्यूब स्क्रीमरचा उंचवटा नेमका या खड्ड्यात बसतो. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉननं गाजवलेल्या या जोडीचं मर्म मला तरी यातच दिसतं, आणि तो हे अँप चांगलेच मोठ्यानं वाजवत असे, हेही विसरू नका.

कारण फेंडर-फेंडरमध्ये फरक आहे. डीलक्स रिव्हर्ब २२ वॅटचा, दोन ६व्ही६ व्हॉल्व्हचा. मध्यम व्हॉल्यूमलाच तो फुटू लागतो, आणि ड्राइव्ह कमी, लेव्हल जास्त ठेवलेलं पेडल त्याला सहज पुढे रेटतं. ट्विन रिव्हर्ब ८५ वॅटचा, चार ६एल६चा. तो सहसा फुटतच नाही. त्याच्यासमोर ड्राइव्ह शून्यावर ठेवलेलं ट्यूब स्क्रीमर निव्वळ मिड वाढवतं आणि आवाज मोठा करतं. ट्विनवाल्यांना मी ब्लूज ड्रायव्हर सुचवेन: आवाज फाडायचं काम ते स्वतः करतं आणि कॉर्ड भरीव ऐकू येतात. फक्त अँपचा ट्रेबल उतरवा, नाहीतर कानाला टोचेल. डीलक्सचा स्वतःचाच आवाज आवडत असेल आणि तो थोडा जाड हवा असेल, तर क्लॉनच्या वळणाचं पेडल घ्या.

मार्शल: खर्ज आवरायचा कसा

मार्शलमध्ये, विशेषतः १९८१च्या जेसीएम८००सारख्या अँपमध्ये, मिड मुळातच पुढे असतात. मग मिड वाढवणारं ट्यूब स्क्रीमर इथे कशाला? क्लीन मार्शलसमोर खरंच नको, आवाज नाकातून आल्यासारखा होतो. पण गेन चढवलेल्या मार्शलसमोर गणित बदलतं. त्या गेनमध्ये खालच्या तारांचा खर्ज घुसला की रिफचा चिखल होतो. अँपवरचा बेस नॉब कमी केला तरी उपयोग थोडाच, कारण या अँपमध्ये टोनचं सर्किट गेनच्या टप्प्यांनंतर येतं, तोवर खर्ज फाटून चुकलेला असतो. पेडल तो आत शिरण्याआधीच छाटतं. ड्राइव्ह जवळजवळ शून्य, लेव्हल बराच वर: एवढ्यानंच पाम म्यूट केलेले (तळहातानं तारा दाबून वाजवलेले) सूर सुटे आणि घट्ट ऐकू येतात. हेवी मेटलवाले इतक्या गेनच्या अँपसमोर आणखी ओव्हरड्राइव्ह लावतात ते याचसाठी, आणि या कामाला एसडी-१ही तितकंच चोख आहे. ड्राइव्ह चढवलेलं ब्लूज ड्रायव्हर इथे लावू नका, ते खर्ज जसाच्या तसा आत पाठवतं.

व्हॉक्स एसी३० या अँपला निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणारा सिग्नल थोडा मागे फिरवून आवाज आवरायची सोय) नाही, त्यामुळे तो हळूहळू, पायरीपायरीनं फुटतो आणि पिकचा जोर तिथेच कळतो. त्याला गेनचं पेडल कमीच लागतं. क्वीन बँडच्या ब्रायन मेसारखा ट्रेबल बूस्टर (वरचे सूर वाढवणारं पेडल), किंवा गेन अगदी खाली ठेवलेलं क्लॉन, एवढं पुरतं. ब्लूज ड्रायव्हर मात्र एसी३०च्या टॉप बूस्ट (वरचे सूर उजळवणाऱ्या) चॅनेलवर कर्कश होऊ शकतं. अँपचा कट नॉब वाढवून बघा, तो वाढवला की ट्रेबल कमी होतो.

रोलंड जेसी-१२० (१९७५) ट्रान्झिस्टरचा आहे आणि क्लीन राहण्यासाठीच ओळखला जातो. त्याला पेडलनं ढकलून गोड फोडण्याची आशा सोडून द्या. इथे जो काही ड्राइव्ह हवा तो पेडलमध्येच असला पाहिजे, म्हणून माझी पसंती ब्लूज ड्रायव्हरला.

घरी, हळू आवाजात

व्हॉल्व्हचा अँप घरच्या व्हॉल्यूमला वाजवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाज वेगळा कमी करणारा नॉब) नसलेला मोठा अँप १-२ वर असताना तुमच्यापुरता तो जेसी-१२०च. पेडलही त्या हिशेबानं निवडा. मास्टर असेल तर प्रीअँप (अँपचा सुरुवातीचा टप्पा) फोडता येतो आणि मार्शलबद्दल वर लिहिलेलं बरंचसं लागू पडतं, पण शेवटच्या टप्प्यातले पॉवर व्हॉल्व्ह दमल्यावर येणारा मऊपणा मिळत नाही. डिजिटल मॉडेलिंग अँपमध्ये (इतर अँपची डिजिटल नक्कल करणाऱ्या) लेव्हल जपून वाढवा, इनपुटच क्लिप झालं तर येणारा आवाज रूक्ष असतो.

दर कार्यक्रमाला वेगळा अँप समोर येत असेल, तर एकाच पेडलवर भिस्त ठेवू नका. गिटारमधून आधी ट्यूब स्क्रीमर, मग ब्लूज ड्रायव्हर, मग अँप अशी साखळी करा. जेसी-१२० किंवा ट्विन असेल तेव्हा ब्लूज ड्रायव्हर सतत चालू ठेवा, आणि सोलोला ट्यूब स्क्रीमरनं त्याला तसंच ढकला जसं मार्शलला ढकलता. मार्शल मिळाला तर ब्लूज ड्रायव्हर बंद, अँपचा गेन वर, आणि पायाखाली एकटं ट्यूब स्क्रीमर.