आग्या मोहोळ हलवणारी सेवा: काम चोख, नंतरच्या सूचना अपुऱ्या

पुण्यातील आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ लागले होते आणि नेमके त्याखालीच मुलांचे खेळायचे मैदान असल्यामुळे ते हलवणे भाग होते. सातेरी जातीच्या मधमाश्या पोकळीत राहतात व पाळण्याच्या पेटीत भरता येतात. आग्या माश्या मात्र उघड्यावर एकच मोठे पोळे बांधतात आणि बिथरल्या की माणसाचा दूरवर पाठलाग करतात. एकीने डंख मारला की तेथे राहिलेल्या गंधामुळे इतर माश्याही त्याच माणसावर तुटून पडतात. म्हणूनच मोहोळाला दगड मारणे किंवा पलिता लावणे जिवावर बेतू शकते.

माश्या न मारता मोहोळ काढणाऱ्या या सेवेचे दर कीटकनाशक फवारणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत, पण त्यांची पूर्वतयारी पाहता ते मला रास्त वाटले. दिवसा काम करण्यास त्यांनी ठाम नकार दिला. अंधार पडल्यावर सर्व खिडक्या बंद करवून घेतल्या आणि जिन्यातले दिवेही मालवले, कारण उठलेल्या माश्या रात्री उजेडाकडे झेपावतात. स्वतः मात्र माश्यांना न दिसणाऱ्या लाल प्रकाशात काम केले. डंखाची ॲलर्जी कोणाला आहे का, हेही आधीच विचारले. हा प्रश्न अत्यंत मोलाचा आहे, कारण अशा व्यक्तीला एकच डंख घातक ठरू शकतो आणि तेव्हा ॲड्रेनालिनचे इंजेक्शन वेळेत मिळावे लागते. धूर देऊन पोळे उतरवताना कोणालाही इजा झाली नाही.

उणीव राहिली ती नंतर. पोळे गेले तरी माश्या जुन्या जागी परततात आणि काही दिवस चिडलेल्या असतात, याची कल्पना त्यांनी आम्हाला किंवा शेजारच्या इमारतीला दिली नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या एका काकूंना डंख झाले. कातडीत रुतलेल्या नांगीची पिशवी विष सोडतच राहते, त्यामुळे ती तत्काळ खरवडून काढायची असते. एवढी सूचना तरी फलकावर लावायला हवी होती.

वर्दळीच्या जागी मोहोळ असेल तर ही सेवा जरूर घ्यावी, मात्र पुढील आठवडाभराच्या सूचना लेखी मागाव्यात. पोळे न बांधता झाडावर नुसता विसावलेला थवा बहुधा दोन-तीन दिवसांत आपणहून निघून जातो. त्याच्यासाठी पैसे खर्चू नयेत, फक्त लोकांना तिथून दूर ठेवावे.