घरावर मजला चढवताना आवाजाच्या वेळा पाळणारा ठेकेदार : प्रतापनगरातील अनुभव

नागपूरच्या प्रतापनगरातील आमच्या जुन्या घरावर पहिला मजला चढवण्याचे काम आम्ही परिसरातीलच एका लहान ठेकेदाराला दिले होते. त्याच्या सेवेचे हे परीक्षण आहे. बांधकामाचा दर्जा आणि भाव यांवर पुष्कळ लिहिले जाते, म्हणून मी मुख्यतः आवाज करणाऱ्या कामांच्या वेळांबद्दल लिहीत आहे. ठेकेदार निवडताना हा प्रश्न बहुतेक घरमालक विचारतच नाहीत आणि शेजाऱ्यांशी भांडण झाल्यावर तो पुढे येतो. तो कामाचा करार होण्यापूर्वीच विचारला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

नियम काय सांगतो, हे आधी स्पष्ट केलेले बरे. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ रात्र समजली जाते आणि २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने निवासी भागात व शांतता क्षेत्रात (रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीच्या भागात) या वेळेत आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवण्यास मनाई केली आहे. अनेक ठेकेदार नियमाचा एवढाच भाग लक्षात ठेवतात आणि रात्री दहापर्यंत आपल्याला कोणी काही म्हणू शकत नाही, असे मालकाला बिनदिक्कत सांगतात. ते खरे नाही. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे, आणि आवाज या मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून अधिक वाढला तर दिवसाच्या आवाजाविरुद्धही रीतसर तक्रार करता येते. काँक्रीट फोडणारा ब्रेकर जवळून मोजला तर ९० डेसिबल सहज ओलांडतो. ही मर्यादा एखाद्या क्षणाच्या आवाजाची नसून ठरावीक काळातील सरासरीची असते. त्यामुळे यंत्र किती मोठ्याने वाजते याइतकेच ते किती वेळ वाजते यालाही महत्त्व आहे. आमच्या ठेकेदाराला ही गोष्ट पक्की समजलेली होती आणि त्याच्या कामाची सारी आखणी तिच्यावरच उभी होती.

नागपुरात या नियमाला उन्हाची जोड मिळते आणि कामाचे तास दोन्ही बाजूंनी आवळले जातात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा दुपारी १२ ते ४ या वेळेत गवंडी आणि रेजा (मजूर स्त्रिया) यांना उघड्या स्लॅबवर उभे करणे अमानुष आहे. प्रशासनही या वेळेत उन्हातील काम टाळण्याचे आवाहन करते. म्हणजे सकाळ आणि संध्याकाळ एवढेच तास हाती राहतात. बुडालेली दुपार रात्री भरून काढण्याचा मोह ठेकेदाराला होतो, तो इथेच. काँक्रीटच्या दृष्टीने पाहिले तर थंड वेळी स्लॅब टाकणे योग्यही असते, कारण ओतताना काँक्रीटचे तापमान ४० अंशांच्या वर जाऊ नये असे भारतीय मानक सांगते. परंतु शेजाऱ्यांचा विचार केला तर उन्हाळ्याची रात्र हीच सर्वांत वाईट वेळ आहे. आपल्याकडे कूलर खिडकीत बसवलेला असतो आणि खोलीतली हवा खेळती राहण्यासाठी दुसरी खिडकी किंवा दार उघडे ठेवावेच लागते. काही घरांत माणसे अजूनही गच्चीवर झोपतात. डिसेंबरात खिडक्या लावून घेतल्या की निम्मा आवाज बाहेर राहतो. मेमध्ये तशी सोयच नसते.

या अडचणीतून ठेकेदाराने काढलेला मार्ग मला फार आवडला. जिन्यासाठी जुन्या स्लॅबमध्ये मोठे भोक पाडायचे होते. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे ब्रेकर लावला असता तर हादरे आणि आवाज कितीतरी दिवस चालले असते. त्याने पाण्यावर चालणारे, हिऱ्याची धार असलेले कटर बोलावले. तेही यंत्र कर्कश आहे, परंतु काम फार लवकर आटोपते आणि खालच्या जुन्या भिंतींना हादरा बसत नाही. कॉलमची जुनी डोकी फोडण्यासाठी मात्र ब्रेकर लावावाच लागला. त्याच्या आदल्या संध्याकाळी ठेकेदार स्वतः शेजारच्या तिन्ही घरी गेला. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकूंना तो म्हणाला, "काकू, उद्या नऊ ते बारा मशीन चालेल. बारानंतर नाही वाजणार, माझा शब्द आहे." दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास एका कॉलमचे थोडेसे काम उरले होते, तरी त्याने यंत्राची वायर काढायला लावली आणि ते काम पुढच्या सकाळवर ढकलले. नियमाने त्याला दुपारी थांबण्याची सक्ती नव्हती. काकूंच्या सुनेचे बाळ दुपारी झोपते, एवढे त्याला माहीत होते आणि ते त्याला पुरेसे होते. सळयांच्या रिंगा त्याने स्वतःच्या यार्डात वाकवून आणल्या, त्यामुळे आमच्या गल्लीत ग्राइंडर क्वचितच वाजला. जनरेटर ठेवण्याऐवजी त्याने महावितरणकडून तात्पुरती वीजजोडणी घ्यायला लावली.

खरी परीक्षा स्लॅबच्या दिवशी झाली. त्याने तयार काँक्रीटच्या गाड्या सकाळी लवकर मागवल्या होत्या, पण प्लांटवर काही बिघाड झाल्यामुळे पहिली गाडीच दुपार उलटून गेल्यावर आली. स्लॅब टाकणे हे मधेच सोडून देण्याचे काम नसते. जुन्या थरावर नवा थर उशिरा पडला की सांधा कच्चा राहतो आणि पुढे तिथूनच पाणी झिरपते. अशा वेळी रात्री बारापर्यंत व्हायब्रेटर (ओले काँक्रीट हादरवून घट्ट बसवणारे यंत्र) चालवणारे ठेकेदार आपल्या शहरात कमी नाहीत. आमच्या ठेकेदाराने अभियंत्याकडून काम थांबवण्याची जागा आधीच निश्चित करून घेतली होती आणि तिथे लाकडी फळी उभी करण्याची तयारी ठेवली होती. काँक्रीट वर चढवणाऱ्या पंपावरच्या माणसाशी बोलून त्याने हिशेब केला, पुढच्या दोन गाड्या वेळेत रिकाम्या होतील याची खात्री करून घेतली आणि तिसरी गाडी प्लांटवरूनच रद्द केली. रात्री दहाच्या आत पंप आणि व्हायब्रेटर दोन्ही बंद झाले. त्यानंतर मिस्त्री दिव्याच्या उजेडात लाकडी थापीने पृष्ठभाग सारखा करत होते आणि त्या कामाचा आवाज गच्चीच्या कठड्यापलीकडे जात नव्हता. उरलेला भाग दुसऱ्या सकाळी, सांधा खरवडून, धुऊन आणि सिमेंटचे पाणी मारून पूर्ण केला. पावसाळ्यात त्या सांध्याखाली मी मुद्दाम लक्ष ठेवले. ओल आलेली नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सळयांची गाडी एकदा पहाटे सहाच्या आधी आली, कारण दिवसा जड वाहनांना शहरातल्या काही रस्त्यांवर प्रवेश मिळत नाही. हमालांनी सळयांचे गठ्ठे वरून थेट रस्त्यावर टाकले आणि सारी गल्ली जागी झाली. गाडी पुरवठादाराची होती हे खरे, पण वेळ ठरवणे ठेकेदाराचे काम होते. पुढच्या खेपेला त्याने माल रात्री नऊच्या आत, दोन माणसे लावून हाताने उतरवून घेतला. फरशीच्या कामावर त्याने दुसरी टोळी आणली, तिच्यावर त्याचे तितके लक्ष नव्हते आणि एका रविवारी दुपारभर कटर चालू राहिला. रविवारी काम करू नये असा नियम नसला तरी त्याने शेजाऱ्यांना तसा शब्द दिला होता, म्हणून ही चूक मी गंभीर समजतो.

खर्चाबाबत बोलायचे तर कटरने भोक पाडण्याचा दर ब्रेकरपेक्षा बराच जास्त आहे, काँक्रीट दोन टप्प्यांत मागवल्यामुळे पंपाचे भाडे दोनदा द्यावे लागले आणि उन्हाळ्यातील दुपारच्या सुट्टीमुळे काम लांबले. घाई असलेल्या माणसाला हा ठेकेदार परवडणार नाही. ज्यांच्या भिंतीपलीकडे परीक्षेला बसलेली मुले, आजारी माणसे किंवा तान्ही बाळे आहेत, त्यांना मी त्याच्याकडे जाण्याचे जरूर सुचवीन. धंतोली किंवा रामदासपेठेसारख्या रुग्णालयांनी भरलेल्या भागात घर असेल तर अशी शिस्त असलेला माणूसच निवडावा.

करार करताना त्यात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: ब्रेकर, कटर आणि ग्राइंडर यांच्या ठरलेल्या वेळा, माल उतरवण्याची वेळ, आणि स्लॅब रखडल्यास सांधा कुठे ठेवायचा याचा अभियंत्याने सही केलेला नकाशा. आमच्या करारात पहिली आणि तिसरी अट होती. दुसरी अट पहाटेच्या त्या सळयांनंतर आम्ही पेनाने जोडली आणि दोघांनी तिच्यापुढे सह्या केल्या.