आतड्याच्या भिंतीतली हवा शोधायला सीटी स्कॅन: कामाचा, पण एकट्याच्या भरवशावर नको

साध्या एक्स-रेपेक्षा सीटी कितीतरी सरस. एक्स-रेत भिंतीतली थोडी हवा सहज निसटते. मात्र सीटीच्या प्रतिमा फक्त पोटाच्या नेहमीच्या सेटिंगवर पाहिल्या तर निम्मा फायदा वाया. 'लंग विंडो' (फुफ्फुसं पाहायची प्रतिमेची सेटिंग) लावली की चरबी आणि हवा वेगळी दिसते. फसगत होते ती मळाभोवती अडकलेल्या हवेमुळे. रुग्ण उताणा असताना खालच्या बाजूच्या भिंतीतही बुडबुडे असतील, तर हवा भिंतीतच असल्याचा संशय पक्का. शिरेतून कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध) दिल्याशिवाय भिंतीचा रक्तपुरवठा नीट कळत नाही, आणि खरा प्रश्न तोच असतो. यकृताच्या कडेपर्यंत पसरलेली हवा बहुधा पोर्टल शिरेतली (आतड्यातलं रक्त यकृताकडे नेणारी शीर), मध्यभागातली पित्तनलिकांतली.

उणीव एकच, पण मोठी: हवा दिसते, कारण नेहमीच दिसत नाही. पोट कडक, रक्तदाब खाली, लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) २ मिलिमोल प्रतिलिटरच्या वर आणि चढतं असेल, तर सर्जनला लगेच बोलवावं. रुग्ण ठणठणीत असेल तर स्टेरॉइड, केमोथेरपी, अकार्बोज किंवा व्होग्लिबोज (मधुमेहाच्या गोळ्या) चालू आहे का ते विचारावं. अशांना ऑक्सिजन, गरजेनुसार मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक आणि पुन्हा पुन्हा तपासणी पुरते. पोटात मोकळी हवा दिसली तरी ती फुटलेल्या बुडबुड्यांची असू शकते. केवळ तेवढ्यावर पोट उघडू नये.