साहेबांचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे ठरवायचं कशावरून?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात एकाच पुढाऱ्याची क्लिप मोबाईलवर दोनदा येते. एकदा कोल्हापूरकडून मराठी मजकूर लावून, एकदा बेंगळुरूकडून कन्नड मजकूर लावून. भाषणात अडखळलेलं वाक्य तेच असतं. एका ग्रुपवर ‘साहेब दौऱ्यानं दमलेत’, तर दुसऱ्यावर ‘म्हातारं खुळं झालंय, धारवाडला न्या की’. धारवाडच्या मनोरुग्णालयावरून मारलेला हा टोमणा आपल्याकडं इतका मुरलाय, की आपण खऱ्या आजाऱ्यांची थट्टा करतोय हेही कुणाच्या ध्यानात येत नाही.

प्रश्न मात्र खरा आहे. मत कुणाला द्यायचं, तिकिटासाठी कुणाच्या मागं उभं राहायचं, सोसायटीच्या चेअरमनपदी त्याच काकांना आणखी एक टर्म बसवायचं का, हे ठरवावं लागतंच. त्यासाठी चार कसोट्या हाताशी असतात: वय, डॉक्टरचा कागद, कायदा आणि प्रत्यक्ष काम. माझा भरवसा चौथीवर जास्त आहे. पण पक्षाचा चष्मा लावून वापरली, तर तीच सगळ्यात घातक ठरते.

वय

ही कसोटी सोपी, आणि म्हणूनच पक्षांना सोयीची. भाजपमध्ये पंचाहत्तरीची अलिखित मर्यादा आहे असं बरीच वर्षं बोललं गेलं. 2019 साली अडवाणी आणि मुरली मनोहर जोशी यांना लोकसभेचं तिकीट मिळालं नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये येडियुरप्पा 76 व्या वर्षी कर्नाटकचे मुख्यमंत्री झाले. गरज असली की नियम वाकतो, नको असलेल्या माणसापुढं तो ताठ उभा राहतो. काँग्रेसवाल्यांनी त्यावर हसायचं कारण नाही, 2023 ला दावणगेरे दक्षिणमधून निवडून आलेले त्यांचे शामनूर शिवशंकरप्पा नव्वदी ओलांडलेले होते. आणि पुढच्याच वर्षी आपल्या चिक्कोडीनं 27 वर्षांच्या प्रियांका जारकीहोळींना लोकसभेत पाठवलं.

मोरारजी देसाईंचं उदाहरण सीमाभागातल्या जुन्या माणसांना पटेल. 1977 ला ते पंतप्रधान झाले तेव्हा 81 वर्षांचे होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातला गोळीबार आठवला की आजही इथं त्यांच्या नावानं बोटं मोडली जातात. पण त्यांचं डोकं चालत नाही, असं त्यांच्या कट्टर विरोधकानंही म्हटलं नसतं. एखाद्याचा निर्णय आपल्याला आवडला नाही, म्हणून त्याची बुद्धी गेली असं होत नाही. आजच्या भांडणांत नेमकी हीच गल्लत होते. वय फार तर ‘आता जरा बारकाईनं बघा’ एवढंच सांगतं.

डॉक्टरचा कागद

अमेरिकेत ट्रम्प यांनी 2018 मध्ये मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट ही चाचणी दिली आणि 30 पैकी 30 गुण मिळवले. 2025 मध्ये पुन्हा तेवढेच. समर्थकांनी ते बुद्धिमत्तेचं प्रमाणपत्र म्हणून मिरवलं, विरोधकांनी ‘हत्तीचं चित्र ओळखण्याची परीक्षा’ म्हणून खिल्ली उडवली. दोघांचंही चुकलं. दहा-पंधरा मिनिटांची ही चाळणी-चाचणी आहे. घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करत जा, असले प्रश्न. डिमेन्शियाची, म्हणजे स्मृती आणि बुद्धी ढासळण्याच्या आजाराची, शंका घ्यावी का, एवढंच तिच्यातून कळतं. माणूस उतावळा आहे का, कान भरणाऱ्यांचं ऐकतो का, संकटात निर्णय घेऊ शकतो का, यातलं काहीही त्या तीस गुणांत नाही.

आपल्याकडं यात भाषेचा गुंता आहे. घरी मराठी, शाळा मराठी आणि कचेरीपुरतं कन्नड असलेल्या म्हाताऱ्याची चाचणी कन्नडमध्ये घेतली, तर गुण कमी पडणारच. त्यात शिक्षण कमी असलं तर आणखी. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) भारतीय भाषांसाठी तपासणीचा जो संच तयार केला, त्याच्या पहिल्या पाच भाषांत कन्नड आहे, मराठी नाही. (यावर मोर्चा निघालेला नाही, हेच नवल.) उलट बाजूही बघा. कन्नड आमदार खानापूरच्या सभेत मराठीत चार वाक्यं बोलायला जातो आणि अडखळतो. त्याची क्लिप ‘विसरभोळा’ म्हणून फिरवणं शुद्ध लबाडी आहे. खरी काळजी, माणूस स्वतःच्या मातृभाषेत नेहमीचे शब्द शोधत थांबायला लागला की करावी.

आणखी एक. म्हाताऱ्या माणसात एकाएकी आलेला गोंधळ दर वेळी डिमेन्शियाचा नसतो. एप्रिल-मेच्या उन्हात प्रचार केला, रक्तातलं सोडियम उतरलं, लघवीचा संसर्ग झाला, झोपेची गोळी जास्त झाली, की धडधाकट म्हाताराही दोन दिवस असंबद्ध बोलतो आणि उपचारानं बरा होतो. बी-12 ची कमतरता आणि थायरॉईड हळूहळू तसंच करतात. तीस सेकंदांच्या क्लिपवरून हे ओळखणं मोठ्या डॉक्टरलाही जमणार नाही.

न तपासता निदान करणाऱ्यांना अमेरिकेत एकदा चांगलीच अद्दल घडली होती. 1964 च्या अध्यक्षीय निवडणुकीत एका मासिकानं बारा हजारांवर मानसोपचारतज्ज्ञांना पत्रं धाडून विचारलं, की उमेदवार बॅरी गोल्डवॉटर मानसिकदृष्ट्या पदाला लायक आहेत का. 1,189 जणांनी नाही म्हणून कळवलं, मासिकानं ते छापलं. गोल्डवॉटर निवडणूक हरले, पण बदनामीचा दावा जिंकले. त्यानंतर 1973 मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं नियम केला: स्वतः तपासल्याशिवाय आणि त्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय सार्वजनिक व्यक्तीच्या मनाबद्दल व्यावसायिक मत द्यायचं नाही. आपल्या चॅनेलवरच्या पॅनेलांना हा नियम ऐकवायला हवा.

कायदा

कायद्याकडून फार आशा नको. संविधानाच्या कलम 191 नुसार, सक्षम न्यायालयानं एखाद्याला मनोविकल ठरवलं असेल तर तो आमदारकीला अपात्र. खासदारांसाठी तेच कलम 102 मध्ये. न्यायालयाचा तसा ठराव नसेल तर विषय संपला. उमेदवाराच्या शपथपत्रात मालमत्ता, गुन्हे, शिक्षण असतं. तब्येतीचा रकाना नसतो. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर स्पष्ट म्हणतो, की केवळ मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून कुणी मनोविकल ठरत नाही. आणि ते योग्यच आहे.

1972 मध्ये अमेरिकेत थॉमस इगल्टन यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी तीन आठवड्यांच्या आतच सोडावी लागली, कारण नैराश्यासाठी त्यांनी विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचं बाहेर आलं. 1998 मध्ये नॉर्वेचे पंतप्रधान बोंदेविक यांनी मात्र ‘मला नैराश्य आलंय’ असं स्वतः जाहीर करून काही आठवडे रजा घेतली, मग कामावर परतले आणि 2001 मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले. एकाचा आजार विरोधकांना हत्यार म्हणून सापडला, दुसऱ्यानं तो आधीच टेबलावर ठेवला. ‘गोळ्या चालू आहेत’ एवढ्यावरून कुणाला नापास करणार असाल, तर पुढचा प्रत्येक जण गोळ्या लपवेल, आणि लपवलेला आजार आपल्याला महागात पडेल.

काम, आणि चष्म्याचा प्रश्न

आता ओडिशा आणि बिहार शेजारी-शेजारी ठेवा. मे 2024 मध्ये ओडिशाचे तेव्हाचे मुख्यमंत्री नवीन पटनायक भाषण करत असताना त्यांचा थरथरणारा हात सहकारी व्ही. के. पांडियन यांनी आड केला, ती क्लिप भाजपनं देशभर फिरवली. ‘तब्येत का ढासळली याची समिती नेमून चौकशी करू’ असं पंतप्रधान सभेत म्हणाले. बिजू जनता दल म्हणालं, साहेब ठणठणीत आहेत. दहा महिन्यांनी, मार्च 2025 मध्ये पाटण्यात राष्ट्रगीत चालू असताना भाजपच्या आघाडीतले बिहारचे मुख्यमंत्री नितीश कुमार हसताना, शेजारच्या अधिकाऱ्याशी बोलताना दिसले. या वेळी तब्येतीची चिंता विरोधातल्या राजदला वाटली आणि भाजपला त्यात काही विशेष दिसलं नाही. पटनायक 24 वर्षांनी 2024 मध्ये सत्तेबाहेर गेले, नितीश नोव्हेंबर 2025 मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले. दोघांच्या मेंदूबद्दल यातून काहीच सिद्ध झालं नाही. कोण कुठल्या आघाडीत आहे, एवढं मात्र कळलं.

जॉर्ज फर्नांडिसांची गोष्ट आणखी बोचरी. मंगळूरचा हा माणूस, मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा नेता, 1974 च्या रेल्वे संपाचा सेनापती. 2009 मध्ये तब्येतीचं कारण देऊन नितीश यांच्याच पक्षानं त्यांना लोकसभेचं तिकीट नाकारलं. ते मुझफ्फरपूरहून अपक्ष लढले, हरले, आणि काही महिन्यांत त्याच पक्षाच्या पाठिंब्यानं राज्यसभेत गेले. नंतर अल्झायमर उघड झाला. मतदारांपुढं न्यायला जो नको होता, तो राज्यसभेला चालला.

बायडन यांच्याबाबत डेमोक्रॅट 27 जून 2024 च्या वादचर्चेपर्यंत ‘सगळं ठीक आहे’ म्हणत राहिले. त्या रात्रीनंतर चार आठवड्यांच्या आत बायडन यांनी निवडणुकीतून माघार घेतली. मुळात ते खुल्या पत्रकार परिषदा कमी घ्यायचे, आणि ती खूण आधीपासून सगळ्यांसमोर होती.

म्हणून क्लिपपेक्षा अशा खुणा बघा. लिहून न आणलेल्या प्रश्नाला माणूस स्वतः उत्तर देतो, की दर वेळी पीए नाहीतर मुलगा पुढं सरकतो? बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन असतं तेव्हा तो चर्चेत उठतो की फक्त सही करून जातो? मागच्या महिन्यात गावाला दिलेला शब्द त्याला आठवतो का? आणि तुलना त्याच्या पाच वर्षांपूर्वीच्या स्वतःशीच करा. जन्मभर जो सावकाश बोलला, तो आज सावकाश बोलतो यात बातमी नाही. जो तालुक्यातल्या दोनशे घरांना नावानिशी ओळखायचा आणि आता जुन्या कार्यकर्त्यालाच ‘तू कुठला रे?’ विचारतो, तिथं मात्र थांबून बघायला हवं.

मग क्लिपमधलं नाव झाकून तिथं महाराष्ट्र एकीकरण समितीचा, काँग्रेसचा, भाजपचा आपापला माणूस बसवून बघा. मत बदललं, तर तुम्ही तब्येत तपासत नव्हता.

आमदार-खासदाराच्या बाबतीत निकाल लावायला मतपेटी आहे. सोसायटीच्या चेअरमनचं मात्र अवघड असतं, कारण काका आपल्याच गल्लीतले असतात आणि कर्जाच्या कागदांवर त्यांची सही लागते. तिथं पहिली गोष्ट ग्रुपवर टाकायची नाही. घरच्यांपैकी एकाला बाजूला घेऊन सांगायचं, की काकांना एकदा डॉक्टरकडं नेऊन आणा. सोडियम, बी-12 आणि थायरॉईडच्या रक्ततपासण्या बेळगावात होतात. रिपोर्ट येईपर्यंत मोठ्या रकमेच्या सह्या सेक्रेटरी आणि दोन संचालकांसमोर करायच्या.