शेतीचा गेम घ्यायचा तर कोणता? लाइन, नेट आणि पऱ्हाटीच्या हिशोबाने

गावात कोणाकडे लॅपटॉप आला की विचारणा ठरलेली: भाऊ, फार्मिंग सिम्युलेटर टाकू का स्टारड्यू व्हॅली? का मोबाइलवर बीजीएमआयच बरा? (पहिले दोन शेतीचे, बीजीएमआय गोळीबाराचा ऑनलाइन गेम.) टीव्हीला कॅसेट लावून काँट्रा खेळायचो तेव्हापासूनचा हा नाद आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: स्टारड्यू घ्या. शेतीला कंटाळलेल्यांनी तर नक्कीच घ्या.

पहिला मुद्दा लाइनीचा. स्टारड्यू कॉम्प्युटरवर फक्त रात्री झोपल्यावर सेव्ह होतो, पण त्यातला अख्खा दिवस साधारण 14 मिनिटांत संपतो. मधेच लाइन गेली तर तेवढंच पाण्यात. फार्मिंगमध्ये कधीही सेव्ह करता येतं, पण नांगरणीच्या तंद्रीत ते आठवतं कोणाला? बीजीएमआय बॅटरीवर चालतो, पण नेट अखंड पाहिजे. शेवटच्या वर्तुळात, म्हणजे मैदान आकसून मोजके खेळाडू उरले असताना, टॉवर झोपला की मॅच तुमच्यासाठी थांबत नाही.

दुसरं, मशीन. स्टारड्यूला 2 जीबी रॅम आणि 500 एमबी जागा पुरते. फार्मिंग सिम्युलेटर 22 ला 8 जीबी रॅम, 35 जीबी जागा, वर बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड. रोज दोन जीबीच्या पॅकवर ते उतरवायला पंधरा-वीस दिवस लागतील, तेही घरच्यांनी तेवढे दिवस मोबाइलवर काही पाहिलं नाही तर.

पण फार्मिंगमध्ये कापूस आहे, आणि आपली पोरं तिथंच फसतात. ही मालिका स्विस कंपनीची. कापूस त्यांनी 2018 मध्ये आलेल्या आवृत्तीत आणला. सोयाबीनही आहे, तूर मात्र नाही. कापूस वेचायला घराएवढं यंत्र येतं, ओळीच्या ओळी गिळतं आणि मागून कापसाचा भला मोठा ठोकळा सोडतं. ना पाटीचा भाव ठरवायचा, ना दुसरा वेचा, ना फरदड. तण उगवतं, पण बोंडअळी नाही. मजूर बटण दाबताच हजर! ऐन वेचणीत गावभर फिरून बाया गोळा करणाऱ्याला हे पाहून हसू येतं, आणि थोडा रागही. ट्रॅक्टरचं वेड असेल तर मात्र याला तोड नाही. नांगर जोडणं, वळण घेणं, ट्रॉली मागे लावणं सगळं मन लावून केलंय.

स्टारड्यूत असं यंत्र नाही, पण शेतीचा घोर आहे. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने बनवलेला हा गेम 2016 मध्ये आला. ऋतू 28 दिवसांचा. तो पलटला की त्या ऋतूचं पीक सकाळी वाळलेलं. म्हणून बी घेतानाच दिवस मोजावे लागतात. फुलकोबीला 12 दिवस लागतात, म्हणजे उशिरा लावली तर पैसा गेलाच. ब्लूबेरी 13 दिवसांत येते आणि मग दर 4 दिवसांनी तोडा, आपल्या वेच्यासारखी. झारीने पाणी घालता घालता अंगातली ताकद संपते, आणि पाऊस आला की त्या दिवशीची झारी सुटते. तो आनंद कोरडवाहूवाल्याला समजावून सांगावा लागत नाही. कावळे पीक खातात, पण बुजगावणं लावलं की येत नाहीत. रानडुकरं नाहीत, जागल नाही. माल संध्याकाळी पेटीत टाका, सकाळी पैसे हातात. ओलावा दाखवून कट्टी लावणारा कोणी नाही. इथं मात्र गेम साफ खोटा आहे, आणि तेच मला आवडतं.

बीजीएमआय फुकट आहे आणि चार मित्र एकत्र बसले तर मजा आहेच. पण तो 2022 मध्ये स्टोअरवरून गायब झाला आणि 2023 मध्ये परतला. अशा गेममध्ये पात्राच्या कपड्यांवर पैसे घालणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. अठराच्या आतल्यांना रोज तीन तासांची मर्यादाही आहे.

लॅपटॉप नसेल तर स्टारड्यू अँड्रॉइडवरही मिळतो: एकदाच पैसे, जाहिराती नाहीत, नेटची गरज नाही. लहान स्क्रीनवर झारी भलत्याच चौकोनात पडते, तेवढं सहन करा. लॅपटॉपवर स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घेतलात तर तालुक्याला चांगलं नेट असताना एकदा लॉगिन करून चालू करून बघा आणि ऑफलाइन मोड लावूनच गावाकडे निघा.