व्हॅन गॉगचं कॅनव्हास प्रिंट, जळगावच्या फ्रेमवाल्याकडून

हॉलमध्ये लावायला डच चित्रकार व्हॅन गॉगचं 1889 चं सेल्फ पोर्ट्रेट हवं होतं, फ्रान्समधल्या सेंट रेमीच्या मनोरुग्णांच्या हॉस्पिटलात असताना काढलेलं, फिकट निळा-हिरवा कोट आणि मागे नुसते रंगाचे भोवरे, ओरिजिनल पॅरिसला ऑर्से म्युझियममध्ये आहे. आधी ऑनलाइन मागवलं, ते परतच केलं. मूळ चित्र साधारण 65 बाय 54 सेंटिमीटर, आणि यांनी ते 24 बाय 36 इंचात बसवायला दोन्ही बाजू कापल्या, भोवरेच गेले ना! वरून ऑइलसारखं दिसावं म्हणून ट्रान्सपरंट जेल फासलेलं, तेही कपाळ-दाढी न बघता सरळ आडवे ब्रशचे फटके. अरे त्या माणसाचा एकेक फटका गालाच्या वळणाने जातो, कोट आणि बॅकग्राउंड जवळपास एकाच रंगाचे आहेत, ते वेगळे दिसतात त्यात फटक्यांच्या दिशेचंच तर काम आहे. त्याच्यावर आडवं जेल म्हणजे चित्र मारूनच टाकलं.

मग गोलाणी मार्केटकडच्या एका फ्रेमवाल्या दादांकडे पेनड्राइव्हवर मोठी फाइल घेऊन गेलो. त्यांनी आधी फक्त चेहऱ्याचा तुकडा प्रिंट करून दाखवला, हे मला फार आवडलं. कातडी गुलाबी आली होती. या चित्रात कातडीत हिरवट झाक आहे, कपाळाला आठी, ओठ घट्ट मिटलेले, ती झाक गेली की माणूस एकदम तब्येतीने बरा दिसायला लागतो, आणि तो बरा नव्हता हो त्या वर्षी. दादांनी न कुरकुरता रंग सुधारला, दुसऱ्या तुकड्यात दाढीचा नारिंगी निळ्यावर असा उठून आला की बस.

फायनल साइज 26 बाय 21 इंच, मॅट कॅनव्हास, चारी बाजूंना दुमडायला कोरी पट्टी वेगळी सोडलेली म्हणून चित्र जराही कडेला गेलं नाही. एका कोपऱ्यात थोडं ढिलं वाटलं तर मागून पाचर ठोकून ताणून दिलं. "काच टाकू का भाऊ, आपल्याकडे धूळ भलती उडते," म्हणाले, मी नको म्हटलं, काचेत ट्यूबलाइट चमकते आणि डोळेच दिसत नाहीत.

ऑइलचा जाड थर प्रिंटमध्ये येत नाही, जवळ गेलं की सपाटच. पण सोफ्यावरून बघताना भोवरे फिरतात. करायचं असेल तर फाइल चांगली न्या आणि चेहऱ्याचा तुकडा आधी मागाच, लग्नसराईत मात्र जाऊ नका, तेव्हा त्यांच्याकडे अल्बम-फ्रेमची गर्दी असते.